डी-३ वरच्या घोड्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया मनापासून लिहिली आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : १९८५ च्या मॉस्कोतल्या बुद्धिबळ जगज्जेतेपदाच्या लढतीतला सोळावा डाव मी उगाच डोक्यावर घेतला. सिसिलियन बचावात (काळ्याची एक सुरुवात) काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कास्पारोव्हने आठव्या चालीला डी-५ (डी पट्टीतलं पाचवं घर) खेळून प्यादं सोडलं, ते इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाच्या, हिशेबात चुकीचं. पांढऱ्या बाजूचा कार्पोव्ह गाफील राहिला म्हणून काळा जिंकला.

प्याद्याबद्दल वाद नाही. बाराव्या चालीला कार्पोव्हने कॅसलिंग केलं (राजा हत्तीच्या आड नेला). त्याऐवजी उंट ई-३ वर आणायला हवा होता. काळ्याने तो मारला, की वजीर ए-४ वरून शह देतो आणि बी-४ वरचा घोडा टिपतो. पुढे कार्पोव्हनेच ही चाल खेळून दाखवली. पण हे प्यादं त्याच लढतीतल्या बाराव्या डावातही सोडलं गेलं होतं, म्हणजे तयारीला सवड होती, तरी सोळाव्यापर्यंत त्याला ती सुचली नाही. आज इंजिन उघडून बसल्यावर ती सुचायला काय लागतं!

‘गाफील राहिला म्हणून’ हे मात्र मला पटत नाही. ती संधी हुकल्यावरही काळ्याकडे एक प्यादं कमीच होतं. सोळाव्या चालीला घोडा डी-३ वर बसला आणि सी-१, ई-१ ही दोन्ही घरं त्याच्या माऱ्यात आली. सी आणि ई या मोकळ्या पट्ट्या समोर असून पांढऱ्या हत्तींना तिथे पाऊल टाकता येईना. सगळे या घोड्याचंच कौतुक करतात. मला त्याहून आवडते ती एकोणिसावी चाल, उंट डी-६. पांढऱ्याचा ए-४ वरचा घोडा बघा : सी-३ बी-४ च्या प्याद्याने अडवलेलं, बी-२ त्याच्याच प्याद्याने (ते हटलं तरी डी-३ चा घोडा आहेच), बी-६ वजिराने, आणि सी-५ वर गेला तर उंट आहेच. बी-१ वरच्या दुसऱ्या घोड्याचीही तीच गत, कारण डी-२ वर त्याचाच वजीर. दोन मोहरी जिवंत असून बाद!

आणि हे करताना काळा गेलेलं प्यादं परत मिळवायला एकदाही धावला नाही. ते त्याने तिसाव्या चालीला उचललं, तेही डी-६ पर्यंत आपणहून चालत आल्यावर. चौतिसाव्या चालीला पांढऱ्या वजिराने अखेर तो घोडा मारला, तर दुसऱ्या घोड्याने एफ-२ वरून शह दिला आणि वजीरच गेला. चाळिसाव्या चालीला डाव संपला. यातली कुठली चाल फुकटात मिळाली, ते पट मांडून दाखवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न : मी स्वतः हे खेळेन का? नाही, डी-५ चं हे प्यादं आज मी स्वतः सोडणार नाही. समोरच्याला उंट ई-३ पाठ असणार.