एम.फिल.: ‘बंद’ आणि ‘रद्द’ यांतला फरक

विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल.ची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांच्या मधल्या संशोधन पदवीची, मान्यता काढून घेतली, त्यामुळे ज्यांनी ज्यांनी ही पदवी मिळवली त्यांच्या हाती आता केवळ शोभेचा कागद उरला आहे, अशा आशयाचा मजकूर डिसेंबर २०२३ पासून प्राध्यापकांच्या आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. मध्ये काही महिने तो शांत असतो आणि भरतीचा किंवा प्रवेशाचा हंगाम आला की पुन्हा वर येतो. वाटेत त्याला शेपट्याही फुटल्या आहेत. एम.फिल.मुळे मिळालेले सेवालाभ आता परत घेतले जाणार, निर्णय एका रात्रीत झाला, नाहीतरी ती पदवी कुचकामीच होती, परदेशात मात्र ती जोरात चालू आहे, आणि आज एम.फिल. गेली तशी उद्या तुमचीही पदवी जाईल. मूळ दावा आणि या शेपट्या एकेक करून तपासायला हव्यात, कारण त्यांतली एखादी अर्धी खरी आहे आणि अर्धसत्य खोडून काढणे निव्वळ असत्यापेक्षा अवघड असते.

आधी मूळ दावा. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस आयोगाने विद्यापीठांना पत्र पाठवले, त्याचे कारण साधे होते. काही विद्यापीठे तोवर एम.फिल.साठी नवे अर्ज मागवत होती. एम.फिल. ही मान्यताप्राप्त पदवी नाही, विद्यापीठांनी २०२३-२४ चे प्रवेश थांबवावेत आणि विद्यार्थ्यांनी प्रवेश घेऊ नये, असे आयोगाने कळवले. यातले पहिले वाक्य वर्तमानकाळात आहे, आणि सगळा घोटाळा त्या वर्तमानकाळाने केला. बातमीच्या मथळ्यात तेवढेच वाक्य उचलले गेले, मागचापुढचा संदर्भ गळला, आणि ‘यापुढे प्रवेश घेऊ नका’ या सूचनेचे ‘आजवरच्या पदव्या बाद’ असे रूपांतर झाले.

पत्राला आधार असलेला नियम मात्र कोणी सहसा उघडून पाहिला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राजपत्रात आलेल्या पीएच.डी.विषयीच्या विनियमांतील १४ वा विनियम सांगतो की उच्च शिक्षण संस्थांनी एम.फिल. हा अभ्यासक्रम चालवू नये. ही आज्ञा संस्थांना आहे आणि ती पुढच्या काळासाठी आहे. त्याच विनियमांत, ते लागू होण्यापूर्वी सुरू झालेल्या एम.फिल. अभ्यासक्रमांवर त्यांचा परिणाम होणार नाही, असेही म्हटले आहे. इतकेच कशाला, किमान ५५ टक्के गुणांनी एम.फिल. पूर्ण केलेला उमेदवार पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र राहील, हेही तिथेच नोंदवले आहे. एखादी पदवी बाद ठरवायची आणि तीच पदवी प्रवेशाची पात्रता म्हणूनही स्वीकारायची, असे एकाच कागदात कसे होईल?

माझ्या कपाटात एम.फिल.चा लघुप्रबंध आहे. काळ्या रेक्झिनचे बाइंडिंग, पाठीवर निम्मी पुसलेली सोनेरी अक्षरे. त्याच्यातच पदवीचे प्रमाणपत्र जपून ठेवले आहे. त्यावर विद्यापीठाची मुद्रा आहे, कुलगुरूंची सही आहे आणि खाली दीक्षान्त समारंभाची तारीख आहे. कायद्याच्या दृष्टीने या तारखेला मोठे वजन आहे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना असतो आणि कोणत्या पदव्या द्यायच्या हे आयोग अधिसूचनेने ठरवतो. पदवी दिली त्या दिवशी विद्यापीठाला तो अधिकार होता आणि एम.फिल. ही विहित पदवी होती, एवढे पुरेसे आहे. वाङ्मयचौर्य किंवा फसवणूक सिद्ध झाली तर पदवी परत घेता येते. पण ती त्या एका व्यक्तीची, अख्ख्या पदवीधर वर्गाची नव्हे.

दुसरा मुद्दा सेवालाभांचा, आणि महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये सर्वांत जास्त घबराट याचीच दिसते. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या शैक्षणिक स्तर १० वरून ११ मध्ये जाण्यासाठी पीएच.डी. असल्यास ४ वर्षे, एम.फिल. असल्यास ५ वर्षे आणि केवळ पदव्युत्तर पदवी असल्यास ६ वर्षे सेवा लागते. म्हणजे एम.फिल.ने स्थाननिश्चितीत एक वर्ष वाचते. हा लाभ पदवी धारण करण्याला जोडलेला आहे. ती पदवी आजही कुठे शिकवली जाते का, असा प्रश्न कॅसच्या, म्हणजे सेवेतल्या पदोन्नतीच्या योजनेच्या, प्रस्तावात कोणी विचारत नाही. नवीन एम.फिल.धारक तयार होणार नाहीत, म्हणून ही ओळ कालांतराने आपोआप निरुपयोगी होईल. ज्यांना लाभ मिळाला आहे त्यांच्याकडून तो परत घेण्याशी अभ्यासक्रम बंद होण्याचा संबंध नाही.

‘रातोरात’ हा आरोप फार वेळ घेण्याजोगा नाही. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद केली जाईल, हे एका वाक्यात स्पष्ट लिहिले होते. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने विनियम आले आणि त्यानंतर वर्षभराने पत्र. हे सगळे सावकाशच झाले. उशीर झाला तो काही विद्यापीठांना वाचायला.

आता ‘कुचकामी पदवी’ हा मुद्दा. इथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तो जितका चुकीचा आहे तितकाच महाराष्ट्रातल्या अनेकांना मनातून पटलेला आहे, आणि तो पटण्याला कारणही आहे. महाविद्यालयीन अध्यापकासाठी नेट किंवा सेट या पात्रता परीक्षेची अट लागू झाल्यापासून त्या परीक्षेत अडकलेल्यांची एक मोठी रांग आपल्याकडे तयार झाली होती. २००६ मध्ये आयोगाने दुरुस्ती करून एम.फिल.धारकांना पदवी स्तरावर शिकवण्यासाठी नेटमधून सूट दिली आणि लघुप्रबंधाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. संशोधनाची आवड असो नसो, नोकरी टिकवायची असेल तर एम.फिल. करा, असा सल्ला वरिष्ठ उघडपणे देऊ लागले. दूरस्थ पद्धतीने, सुट्टीतल्या संपर्कवर्गांवर एम.फिल. उरकणारेही पुष्कळ निघाले. २००९ च्या विनियमांनी दूरस्थ एम.फिल. बंद केली आणि त्याच वर्षी नेटची सूट केवळ नियमाप्रमाणे पीएच.डी. केलेल्यांपुरती राहिली. तीन वर्षांच्या त्या खिडकीतून जे लिहिले गेले त्याच्यातले बरेचसे वाचवत नाही, हे मान्य करायला हरकत नाही. पण तो दोष सवलतीचा होता. नोकरीची अट ज्या पदवीला चिकटते तिची हीच गत होते, पीएच.डी.ची सध्याची अवस्था पाहणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको.

मुळात एम.फिल. होती तरी कशासाठी? एम.ए. झालेल्या विद्यार्थ्याने एक ते दोन वर्षांत संशोधनपद्धती शिकावी, एक लहान प्रश्न घ्यावा, त्यासाठी साधने शोधावीत, शंभर-दीडशे पाने लिहावीत, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसावे, आणि मग पीएच.डी.च्या लांब वाटेला लागायचे की नाही हे स्वतःशी ठरवावे. तालुक्याच्या गावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेल्या मुलीला ही सोय फार मोलाची होती, कारण पीएच.डी.ची सहा वर्षे मागायला घरचे तयार होत नसत, एक वर्ष मात्र मिळून जाई. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या अहवालांत पीएच.डी.ला पुरुषांची संख्या जास्त दिसते आणि एम.फिल.ला स्त्रियांची, हा मला योगायोग वाटत नाही. ही पायरी काढून टाकणे, हे माझ्या मते नव्या धोरणाचे नुकसानीचे पाऊल आहे. तिच्या जागी चार वर्षांच्या पदवीतले संशोधनाचे वर्ष आले आहे आणि ७५ टक्के गुण असल्यास तिथून थेट पीएच.डी.ला जाता येते. पण ते वर्ष विद्यार्थ्याच्या एकविसाव्या वर्षी, विषयाची नीट ओळख होण्याआधी येते. एम.ए.नंतरच्या चाचपणीची भरपाई त्याने होत नाही.

आणि एका क्षेत्रात तर एम.फिल. म्हणजे व्यवसायाचा परवानाच होता. चिकित्सालयीन मानसशास्त्रातली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल., जी बंगळुरूची निमहान्स किंवा रांचीची केंद्रीय मनोरुग्ण संस्था यांसारख्या मानसिक आरोग्य संस्थांत प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम करत पूर्ण करावी लागे, ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीकडे नेत असे. ही वाट एकदम बंद केली असती तर आधीच तुटपुंज्या असलेल्या चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांचा पुरवठा आटला असता. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोरुग्ण समाजकार्य या दोन विषयांतल्या एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली. फिरणाऱ्या मजकुरात या दुसऱ्या पत्राचा उल्लेख मला अजून एकदाही आढळलेला नाही.

परदेशाचा दाखला थोडक्यात संपतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये एम.फिल. आहे हे खरे. पण तिथे ती पदव्युत्तर पदवीच आहे, बी.ए.नंतर थेट घेता येणारी. आपल्याकडची एम.फिल. एम.ए.नंतरची होती. नाव एक आणि वस्तू दोन.

राहिली ‘उद्या तुमची पाळी’ ही भीती. पदव्या बंद पडणे ही आपल्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीतली एल.सी.ई. झाले. ती पदवी पुढे इतिहासजमा झाली आणि तिची जागा बी.ई.ने घेतली, म्हणून त्यांना अभियंता मानायचे कोणी सोडले नाही. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर एल.एम. अँड एस. असे, तिची जागा एम.बी.बी.एस.ने घेतली. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पितळी पाटीवर ‘बी.ए., बी.टी.’ कोरलेले होते, ती बी.टी. पुढे बी.एड. झाली, आणि ती बी.एड.देखील २०१५ पर्यंत एका वर्षाची होती, मग दोन वर्षांची झाली. एक वर्षवाल्या शिक्षकांना उरलेले वर्ष शिकायला कोणी परत बोलावले नाही. १९७५ ला दहावीची पहिली परीक्षा झाली तेव्हा जुन्या अकरावी मॅट्रिकवाल्यांचेही काही बिघडले नव्हते.

या यादीत मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते जी.ए.चे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ काढले आणि मातृभाषेतून शिकलेल्या मुलींना ‘गृहीतागमा’, म्हणजे जी.ए., ही पदवी दिली. १९२१ मध्ये तिथून पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. म्हणजे तीस वर्षे ही पदवी चालू होती आणि सरकारदरबारी मान्य नव्हती. एम.फिल.चे नेमके उलट आहे: ती मान्य आहे आणि चालू नाही. अभ्यासक्रम चालू असणे आणि दिलेली पदवी मान्य असणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला दिसत नाही त्याला प्रत्येक नवे परिपत्रक स्वतःच्या प्रमाणपत्रावर पडलेली धाड वाटते.

काळजी करण्याचे कारण ज्यांना खरोखर आहे असे लोक मात्र आहेत, आणि नेमके त्यांच्याकडे हा मजकूर दुर्लक्ष करतो. नोव्हेंबर २०२२ चे विनियम लागू झाल्यानंतर ज्यांनी वर सांगितलेले दोन विषय सोडून इतरत्र एम.फिल.ला प्रवेश घेतला, त्यांच्या विद्यापीठाने तो कोणत्या आधारावर दिला हे त्यांनी लेखी मागून घ्यायला हवे, आणि प्रवेशाची पावती, नोंदणीचे पत्र व शुल्काची नोंद जपून ठेवायला हवी. दूरस्थ पद्धतीने पदवी घेतलेल्यांचा वाद २००९ पासूनचा आहे आणि तो २०२३ च्या पत्राने वाढलाही नाही, मिटलाही नाही. बाकीच्यांनी अर्जातला एम.फिल.चा रकाना बिनदिक्कत भरावा आणि प्रमाणपत्रावरची तारीख नीट वाचून घालावी.