परत मागण्याआधी पोथीची ओळख लिहून ठेवा

वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली, पुढच्या वर्षी रघुजी भोसल्यांची तलवार लिलावातून विकत घेतली गेली. तेव्हापासून ‘आमचं आम्हाला परत द्या’ ही चर्चा महाराष्ट्रात जोरात आहे, आणि इथे शिकागोतल्या मराठी मंडळींतही. मागणी न्याय्यच आहे. पण वाघनखांवरचा खरा वाद ‘हीच का ती?’ हा होता, आणि लंडनच्या संग्रहालयालाही त्याची खात्री देता आली नाही. वस्तू मोठी, पुरावा तोकडा. पोथ्यांच्या बाबतीत ही वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून शिकागोतलं एक उदाहरण मांडतो.

इथल्या लुथरन धर्मविद्यालयाकडे बायबलमधल्या नव्या कराराचं एक ग्रीक हस्तलिखित होतं, क्रमांक १४२४. काळ नववं-दहावं शतक, चर्मपत्राची ३३७ पत्रं (सुटी पानं), आकार साधारण २८ बाय १८ सेंटिमीटर, लेखनिक साबास नावाचा मठवासी. मार्च १९१७ मध्ये बल्गेरियन सैनिकांनी उत्तर ग्रीसमधला कोसिनित्सा मठ लुटला, तेव्हा शेकडो हस्तलिखितांबरोबर हेही गेलं. विक्रेत्यामार्फत ते फ्रँकलिन ग्रूबर या संग्राहकाकडे आणि तिथून विद्यालयाकडे आलं. मठाच्या वतीने मागणी झाल्यावर विद्यालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ते आपणहून परत केलं. सगळीकडे असं होत नाही. त्याच लुटीतल्या हस्तलिखितांसाठी प्रिन्स्टन विद्यापीठावर २०१८ मध्ये दावा लावावा लागला.

चोरीच्या पुस्तकावरचा शिक्का खरवडता येतो, पहिलं पान फाडता येतं. रचना मात्र लपत नाही. १४२४ मध्ये प्रकटीकरण हे पुस्तक पौलाच्या पत्रांच्या आधी येतं, एरवी ते शेवटी असतं. पानावर २९ ते ३३ ओळी, आणि प्रकटीकरण सोडून बाकी मजकुराला समासात टीका, म्हणजे भाष्य. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या समासात एका हरवलेल्या ‘यहुदी’ शुभवर्तमानातले पाठभेदही नोंदवलेले आहेत. इतकं वर्णन असलं की दुसरी प्रत तिच्या जागी खपवता येत नाही. शिवाय ग्रीक हस्तलिखितांचा हा क्रमांक मालकाचा नसतो, हस्तलिखिताचा असतो. कोसिनित्सात असो वा शिकागोत, १४२४ ते १४२४च.

आपल्याकडे भांडारकर संस्थेच्या वर्णनात्मक सूचींत पत्रं, ओळी, ओळीतली अक्षरं, सगळं आहे. सरकारी संग्रहाच्या क्रमांकात तर पोथी मिळवल्याचं वर्षही असतं. अडचण मठांतल्या आणि वाड्यांतल्या रुमालांची, म्हणजे कापडात बांधलेल्या पोथ्यांची आहे. तिथे ‘स्कॅन केलं’ म्हणजे काम झालं असं समजतात, आणि ते स्कॅन पुष्कळदा ओळख पटवायला निरुपयोगी असतं. कडा कापल्याने समासातली दुरुस्ती जाते. कोरी पानं वगळल्याने पत्रसंख्या जुळत नाही. कृष्णधवल प्रतीत हरताळ (पिवळा रंग) लावून खोडलेली अक्षरं दिसत नाहीत, आणि कुठल्या पत्रावर कोणतं अक्षर हरताळाखाली गेलंय ही तर त्या प्रतीची सर्वांत पक्की खूण. फाइलला नुसतं ‘ज्ञानेश्वरी’ नाव दिलं की पुढच्या दहा ज्ञानेश्वऱ्यांत ती हरवते.

म्हणून रंगीत छायाचित्र, शेजारी मोजपट्टी, चारही कडा चौकटीच्या आत. पत्राच्या दोन्ही बाजू, फळ्या आणि रुमालही. मूळ पत्रांक तसेच ठेवा. नवे घालायचेच असतील तर मऊ पेन्सिलीने. पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची लेखनिकाची नोंद, अक्षरशः उतरवा, लेखनिकाच्या चुकांसकट. हे सगळं साफसफाई आणि नव्या बांधणीच्या आधी, कारण बांधणी करणारा समास छाटून पत्रं सारखी करून देतो.

‘परदेशातच नीट राहतात, असू द्या तिथेच’ हे मत मला मान्य नाही. १४२४ ची पानन्पान छायाचित्रं परत जाण्याआधीच टेक्ससमधल्या एका केंद्राने काढली होती; अभ्यासकांचं काही गेलं नाही. मात्र चर्मपत्र दमट-कोरड्या हवेत फुगतं-आकसतं, त्यावरची शाई आणि रंग सुटतात, म्हणून हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर ठेवावी लागते. आपला कागद पावसाळ्यात बुरशी आणि कसरीला बळी पडतो. वस्तू मागताना ही व्यवस्थाही मागणीपत्रातच लिहिलेली असावी.

आणि यादीची एक प्रत मठात, दुसरी दूरच्या एखाद्या संस्थेत ठेवा. लुटणारा पोथ्यांबरोबर नोंदवहीही उचलून नेतो.