११२ लिटर वारा

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर नळाचं पाणी सोडणाऱ्या वॉलमनपर्यंत जाईल, आणि वॉलमनशी वाकडं घेऊन आमच्याकडं कुणी सुखानं नांदलेलं नाही. लातूरपासून एसटीनं तासाभरावरचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. इथं घराच्या माडीवर बसून मी वेबसाइट बनवतो. कंपनी पुण्यात, गिऱ्हाईक साता समुद्रापलीकडं आणि पगार इथल्या बँकेत. यातलं तिसरंच काय ते गल्लीला पटतं, तेही पासबुक बघितल्यावर. बाकी माझ्याबद्दल गल्लीचं मत दोन शब्दांचं आहे: "घरीच असतंय." आणि जो घरीच असतो त्याला आमच्याकडं एक नोकरी आपोआप लागते. नळाची वाट बघायची.

नळ आठ दिवसांतून एकदा येतो. कधी नवव्या दिवशी, सणवार असला की दहाव्या. वेळ ठरलेली नाही. आला की पाऊण तास. आमच्या धंद्यात सर्व्हर किती काळ जिवंत राहिला याला अपटाइम म्हणतात आणि ९९.९ टक्क्यांचं वचन देतात, म्हणजे अख्ख्या वर्षात पावणेनऊ तास बंद पडायची मुभा. एकदा कामाच्या वेळात (कंपनीनं हे वाचू नये) मी आमच्या नळाचा अपटाइम काढला. तो अगदी आठवड्यातून एकदा येतो असं धरलं, तरी १६८ तासांतला पाऊण तास. ०.४५ टक्के. रात्री जेवताना हा आकडा मी अण्णांना सांगितला. अण्णा इतिहासाचे निवृत्त मास्तर, पुराव्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी भाकरीनं ताटातलं पिठलं पुसून घेतलं आणि म्हणाले, "पाऊण तास कुठला? मागच्या खेपेला चाळीसच मिनिटं होतं."

पाण्याच्या बाबतीत आम्ही रडकी माणसं नाही. २०१६ साली मी लातुरात शिकायला होतो. त्या उन्हाळ्यात पाणी भरायच्या टाक्यांजवळ भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलं होतं, आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. खोलीवरच्या आम्हा चौघांची अंघोळ तेव्हा मिळून एका बादलीत व्हायची, आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याला ती अंघोळ म्हणायची की पहिल्या तिघांची ओळख, हे ठरवता यायचं नाही. तेव्हा आठ दिवसांनी का होईना, घरातल्या तोटीला पाणी येतं याचं कौतुक आहेच. माझी तक्रार पाण्याबद्दल नाही. निरोपाबद्दल आहे.

पाणी आलं हे कळायच्या आमच्या घरी दोन पद्धती होत्या. पहिली आईची. ती दर अर्ध्या तासानं अंगणात जाऊन तोटी फिरवते, कान लावते आणि "मेलं नाहीच" म्हणून परत येते. याला आमच्यात पोलिंग म्हणतात. तेच तेच विचारत राहायचं, उत्तर तेच तेच मिळणार. आम्ही नवीन पोरांना असा कोड लिहिल्याबद्दल झापतो. दुसरी पद्धत शेजारच्या काकूंची. काकूंचं घर वॉलच्या अंगाला, आमच्या अलीकडं, त्यामुळं पाणी आधी त्यांना लागतं. मग काकू भिंतीवरून हाळी देतात, "पाणी आलंऽऽ!" हे झालं पुश नोटिफिकेशन. रेंज लागत नाही, लाईट लागत नाही, पासवर्ड विसरायची सोय नाही. वीस मीटरवरून आवाज आमच्या अंगणात साठ मिलिसेकंदांत पोचतो. दोष एकच. काकू आधी आपले दोन हंडे आणि एक घागर भरतात, मग ओरडतात.

तरीही चाललं होतं. बिघडलं ते एका गुरुवारी. गिऱ्हाइकाला नवीन साइट दाखवायची होती, पडद्यावर सहा चौकटी, मी बोलत होतो. खालून हाळी आली. मी ऐकली नाही असं दाखवलं. मग जिन्यावर पावलं वाजली आणि माझ्या चौकटीत डोक्यावर पदर घेतलेली आई उगवली, हातात पाइपाचं टोक.

"उठ. पाणी आलंय."

मी खुणेनं थांब म्हटलं. आई पडद्याकडं बघून म्हणाली, "ही माणसं काय पळून जायलीत का? पाणी जाईल."

यावर उत्तर नाही. मी आजवर शोधतोय. "एक मिनिट" म्हणून मी उठलो आणि पस्तीस मिनिटांनी, कोपरापर्यंत भिजून परत आलो. पुण्याच्या मॅनेजरनं तोवर कशीबशी खिंड लढवली होती. गिऱ्हाइकानं नम्रपणे विचारलं, काय झालं? मी म्हणालो, आमच्याकडं रिलीज होतं. संध्याकाळी बैठकीचा वृत्तांत आला, त्यात अडथळ्यांच्या रकान्यात एकच शब्द होता: पाणी.

त्या रात्री मी ठरवलं, हा प्रश्न आता तांत्रिक झाला.

मला छंद म्हणजे हेच. माडीवर एका पत्र्याच्या पेटीत माझे सर्किट बोर्ड, वायरी, सोल्डरिंगची बंदूक आणि अर्धवट राहिलेल्या पाच-सहा कल्पना असतात. आई त्या पेटीला "भंगार" म्हणते आणि दिवाळीच्या आधी एकदा तिच्यावर डोळा ठेवते. त्यातून ईएसपी३२ नावाचा बोर्ड काढला, त्याला वाय-फाय असतं. पाण्याचा प्रवाह मोजायचा सेन्सर मागवला. अर्धा इंची पाइपाचा तुकडाच असतो तो. आत एक फिरकी, फिरकीला चुंबक, पाणी वाहिलं की फिरकी फिरते आणि साधारण साडेचारशे ठोके पडले की एक लिटर झालं असं समजायचं. हे सगळं लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली, एका प्लास्टिकच्या डबीत बसवून तोटीच्या अलीकडं जोडलं. टेलिग्रामवर बॉट केला. नाव ठेवलं भगीरथ. पाणी आलं की डबी माझ्या सर्व्हरला कळवणार आणि सर्व्हर सगळ्यांच्या फोनवर कर्णा वाजवणार.

"सर्व्हर कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"सिंगापूरला."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. अंगणातलं पाणी सिंगापूरला जाऊन माडीवर येणार, हे त्यांनी मनातल्या मनात नकाशावर काढून बघितलं असावं. मग म्हणाले, "मलिक अंबरानं चारशे वर्षांपूर्वी खडकीला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जमिनीखालून नहर आणली. उताराचा अंदाज घेतला आणि आणली." एवढं बोलून ते वर्तमानपत्रात शिरले. अण्णांचं बोलणं नेहमी धड्याच्या मध्येच संपतं, स्वाध्याय आपण करायचा.

गल्लीतल्या आठ-दहा घरांना मी हौसेनं भगीरथमध्ये घेतलं. काकूंनाही. त्यांनी फोन माझ्या हातात देऊन "टाक काय टाकायचं ते" म्हटलं, पण चेहरा असा होता की जणू मी त्यांच्या पोटावर पाय द्यायलो.

चौथ्या रात्री तीन वाजता भगीरथ बोंबलला. मी जिना दोन उड्यांत उतरलो. आई हंडे घेऊन हजर. समोरच्या घरात दिवे, बादल्यांचा खणखणाट, कुणाचं लेकरू रडायलंय, कुणी मोटारीची पिन शोधायलंय. मोबाइलवर आकडा झरझर चढत होता: ४० लिटर, ७५, ११२. आणि तोटीतून येत होता फक्त सूंऽऽ असा आवाज. हात धरला तर गार वारा. चांगला जोरदार, उकाड्यात बरा वाटावा असा.

त्याचं कारण नंतर कळलं, तसं ते शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आठ दिवस रिकाम्या पडलेल्या नळीत हवा भरलेली असते. वॉल उघडला की पाणी ती हवा पुढं ढकलतं आणि हवा जी तोटी उघडी सापडेल तिथून निसटते. फिरकीला पाणी आणि वारा यांतला फरक कळत नाही. उलट वाऱ्यानं ती जास्तच नाचते. त्या रात्री वॉलमननं वरच्या गल्लीला पाणी सोडलं होतं. आमच्या वाट्याला आला तो तिकडून हाकललेला वारा, तोही मोजून ११२ लिटर.

गल्लीतली अकरा-बारा माणसं रिकामे हंडे घेऊन माझ्याकडं बघत होती. काकू भिंतीवरून म्हणाल्या, "भरून ठेवा बरं का सगळे. उन्हाळ्यात लागंल."

पुढच्या आठवड्यात मी सुधारणा केली. नळीत दोन उघड्या तारा सोडल्या. पाण्यातून वीज वाहते, वाऱ्यातून नाही, म्हणून फिरकी फिरतेय आणि तारा भिजल्यात असं दोन्ही झालं तरच ओरडायचं. मग गाळ अडकून फिरकी बसली. ती काढली, घासली. मग लाईट गेली, तर राउटर इन्व्हर्टरवर टाकला. यात तीन रविवार गेले, ते सांगण्यात अर्थ नाही. छंदात माणूस सुट्टीच्या दिवशी फुकटात तेच काम करतो ज्याचे एरवी पैसे मागतो.

खरी गंमत डबी दिसायला लागल्यावर झाली. कुणीतरी बातमी सोडली की नळाला मीटर बसायलेत आणि सुरुवात माझ्या घरापासून झालीये. इंजिनेर आहे, वरून माणूस आलेला असणार, घरीच असतंय म्हणजे सरकारी काम असणार. सगळं जुळत होतं. आता आमच्या गल्लीत नळाला थेट टिल्लू मोटार लावलेली घरं किती, हे मी सांगणार नाही. नळातून पाणी येतं हा समज आहे. पाणी मोटारीनं ओढलं जातं, आणि ज्याची मोटार मोठी त्याच्या पुढच्याचा नळ वारा खातो. आमच्याकडंही एक आहे, पण लहान आहे. तर मीटरच्या धास्तीनं दोन-तीन दिवसांत मोटारी गुपचूप निघाल्या, पोत्याखाली गेल्या. आठव्या दिवशी पाणी आलं तेव्हा आमच्या तोटीला, ओळीतल्या शेवटच्या घराला, अंगठ्याएवढी धार होती. हौद भरला, टाकी भरली, रांजण भरला, शेवटी आईनं कढया भरल्या. पाणी नाल्याला लागलं तेव्हा तिला गहिवरून आलं. मी म्हणालो, "बघ, भगीरथ." तिनं डबीला हळदकुंकू लावलं. ते फटीतून आत गेलं आणि बोर्ड दोन दिवस बंद पडला, तो भाग वेगळा.

आणि मग वॉलमन आला. गाडी लावली, डबीभोवती एक फेरी मारली. माझी छाती धडधडत होती, कारण टिल्लू तुळशीमागंच होती.

"मीटर हाय?"

"नाही हो. पाणी आलं की फोनवर कळतंय, बस."

"तुमचं घर टेलला. इथं पोचलं म्हणजे समद्यांला पोचलं." त्यानं विडी कानावरून काढली, परत ठेवली. "मला रोज लोकायचे फोन येतेत साहेब, आमच्याकडं आलं नाही, आमच्याकडं आलं नाही. खरं कोण, खोटं कोण, मला काय ठावं? तुमचं मशीन खोटं बोलत नाही ना?"

मी ११२ लिटर वाऱ्याचा विषय काढला नाही. त्यानं माझा नंबर घेतला.

तेव्हापासून माझी तिसरी नोकरी सुरू झाली. कुठल्याही प्रहरी फोन येतो, "सोडलंय साहेब, पोचलं का बघा." मी मोबाइल बघून सांगतो, पोचलं, इतके लिटर. त्याला बरं वाटतं. मलाही, खरं सांगायचं तर. पोचायच्या आधीच कळतं, त्यामुळं दोन हंडे आणि एका घागरीची काकूंची आघाडी मोडली. काकू हल्ली हाळी देत नाहीत. मला भिंतीवरून विचारतात, "काय म्हणतंय रे तुझं मशीन?" त्यात टोमणा आहे की चौकशी, हे अजून नक्की झालेलं नाही.

परवा रात्री दोन चाळीसला फोन. "सोडून पाऊण तास झाला. पोचलं का?"

मी अंथरुणातूनच मोबाइल बघितला. भगीरथ म्हणत होता ०.०.

"नाही की हो. थेंब नाही."

"थेंब नाही कसं?" तो घाबरला. "मधी लाईन फुटली जणू. थांबा, बंद करून येतो, बॅटरी घेऊन बघावं लागंल कुठं फुटली ते."

"थांबा थांबा," म्हणालो आणि खिडकीशी आलो. अंगणात दिवा लागलेला. आई हौदाच्या कडेला उकिडवी बसून कळशीनं माठ भरत होती आणि तोटीला धार होती. खणखणीत, जाड. डबी कुठंच नव्हती.

मी फोनवर हात धरून खाली ओरडलो, "आई, डबी कुठाय?"

"देवळीत ठेवलीये काढून. परवा दिशीच," ती मान वर न करता म्हणाली. "धार बारीक पडत होती त्येनं."

फोनमधून वॉलमन विचारत होता, "साहेब? ओ साहेब? काय म्हणतंय मशीन?"

"आलंय म्हणतंय," मी म्हणालो.