एजंटांनो, लिहायचंच आहे तर हे लिहा

जागांचे व्यवहार करणाऱ्या एका मित्राने आज व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. 'ब्लॉग सुरू करतोय, विषय कसे वाटतात सांग.' यादी वाचली आणि डोकंच फिरलं. 'स्वतःचं घर घेण्याची १० कारणं.' 'गुंतवणुकीसाठी हीच योग्य वेळ.' 'स्वप्नातलं घर कसं निवडाल?' अरे, समोरचा आयुष्यभराची कमाई हातात घेऊन उभा आहे आणि त्याला स्वप्नं काय दाखवतोस? 'हीच योग्य वेळ' तर बाजार चढला तरी छापतात, पडला तरी छापतात. 'थांबा, हे घेऊ नका' असं एजंटच्या तोंडून कधी ऐकलंय कुणी?

मी ऐकलंय. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एक बाई जागा दाखवायच्या. एक फ्लॅट आम्हा दोघांनाही फार आवडला. उजेड भरपूर, खोल्या ऐसपैस, बजेटमध्ये बसणारा. टोकन कधी द्यायचं इथपर्यंत बोलणं आलं, तेव्हा बाई आम्हाला आतल्या बेडरूममध्ये घेऊन गेल्या, पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "या भिंतीला हात लावून उभे राहा जरा." राहिलो. थोड्या वेळाने तळहाताखाली बारीक थरथर सुरू झाली, मग घरघर, मग वर कुठेतरी खट्. भिंतीपलीकडे लिफ्ट होती. "तुमची उशी इथेच येणार," एवढंच बोलल्या. हातात आलेला व्यवहार त्यांनी स्वतःहून सोडला.

असं लिहा ना! लिफ्टला, पंपाला, कचऱ्याच्या जागेला लागून असलेली खोली नकाशावर कशी ओळखायची, हा विषय आहे. सगळ्या घराचा रंग जुना आणि एकच भिंत कोरी करकरीत, तर मालकाला काय विचारायचं, हा विषय आहे. ओल भिंतीतून बाहेर येताना क्षार घेऊन येते, पाणी वाळतं, पांढरी पूड मागे राहते आणि रंगाचे पोपडे सुटतात. वरून रंग मारला की काही दिवस झाकलं जातं, बस. पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं. पलीकडे बाथरूम आहे का, वर गच्ची आहे का. हे तुम्हाला पाठ असतं, कारण रोज दहा घरांत तुमचा पाय पडतो. आम्ही आयुष्यात एखादंच घर घेतो.

जाहिरातीतल्या फोटोंवर लिहा. वाइड अँगल लेन्सने खोली लांबरुंद दिसते आणि कडेचा सोफा ताणल्यासारखा होतो, हे तुम्हीच फोटो काढता म्हणून तुम्हाला माहीत आहे. क्षेत्रफळावर लिहा. प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर ३० टक्के चढवून १,००० चौरस फूट सांगितले असतील, तर पायाखाली येतात जेमतेम ७७०. टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, एवढं सांगायला काय जातं?

आणि कर्ज! 'सुलभ हप्त्यांत' म्हणून सोडून देता. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले १०० पैकी ८३ नुसते व्याजात जातात. व्याजदर तोच राहिला तर शेवटपर्यंत मुद्दलाच्या सव्वादोन पटीच्या जवळपास रक्कम भरून होते. हे कळल्यावर माणूस घर घ्यायचं सोडत नाही. लहान घर घेतो किंवा जमेल तेव्हा जास्तीचे पैसे भरून मुद्दल कमी करतो. झोप तरी लागते त्याला.

मालकाने विश्वासाने घर दाखवायला दिलं, त्याच्या घरातली ओल पत्त्यासकट जगाला सांगू नये. ठीक आहे, मान्य. पण ओल कशी ओळखायची हे सांगायला कुणाचा पत्ता लागत नाही. त्या बाईंनी तरी मालकाबद्दल कुठे एक वाकडा शब्द काढला? भिंतीला हात लावायला सांगितला फक्त.

लिहिता लिहिता राग थोडा निवला. एजंटांचे हाल मला दिसत नाहीत असं नाही. उन्हातान्हात चार चार जागा दाखवायच्या, किल्ल्यांसाठी ताटकळायचं आणि शेवटी गिऱ्हाईक परस्पर मालकाला गाठून दलाली बुडवणार. असं करणारी माणसं आपल्याच ओळखीत असतात आणि वर त्याची फुशारकीही मारतात. मला त्यांची लाज वाटते. त्या बाईंशी आम्ही तसं वागू शकलो नसतो. पुढे घर घेतलं ते त्यांच्याकडूनच, आणि दलालीत घासाघीस करायला तोंडच उघडलं नाही.

म्हणून माझ्या मते सगळ्यात आधी लिहायला हवं ते दलालीवरच. आणि नेमका तोच विषय कुणाच्या यादीत नसतो! पैसे कोण देतं, खरेदीदार की विकणारा? दोघांकडून घेत असाल तर भावाच्या बोलणीत तुम्ही कुणाच्या बाजूचे? व्यवहार मोडला तर काय? कागदपत्रं वकिलाला दाखवायची जबाबदारी कुणाची? लोक हे तुम्हाला तोंडावर विचारायला संकोचतात आणि मग पाठीमागे वाट्टेल ते बोलतात.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये एजंट बरेच आहेत. यातल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी लिहिलं तर मला टॅग करा. घर शोधणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला मी स्वतः पाठवेन.