स्क्रीन नको, पसारा नको, आवाज नको

घरातल्या चिमुरड्याचा स्क्रीन बंद करायचं तुम्ही ठरवलंत, त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. असा निर्णय घ्यायची उत्तम वेळ रात्री साडेअकराची. मूल झोपलेलं असावं, तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर एखादा लेख वाचत असावं. लेख पूर्ण वाचायची गरज नाही. मथळा वाचावा आणि 'बघ किती भयंकर आहे हे' असं लिहून शेजारीच पडलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला पाठवावा. पलीकडची व्यक्तीही मोबाईलवरच असल्यामुळे अंगठा लगेच येतो. झालं एकमत. उद्यापासून बंद.

आधाराला जागतिक आरोग्य संघटना घ्यावी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांनी २०१९ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात म्हटलंय की दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. एवढं पाठ करून नणंदेला आणि शेजारणीला ऐकवावं. त्याच कागदावर आणखी एक मजकूर आहे, तिकडे मात्र बघू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटं तरी चांगली धावपळीची असावीत, आणि बाबागाडीत किंवा उंच खुर्चीत त्याला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असं काहीतरी अव्यवहारी त्यांनी लिहून ठेवलंय. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर मूल तीन तास उड्या मारायला लागलं की पहिल्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. काकांना जागतिक आरोग्य संघटना वगैरे काही माहीत नसतं.

आता खरेदी. स्क्रीन काढून घेतला की पोकळी निर्माण होते आणि पोकळी ऑनलाईन भरता येते. खेळणी लाकडाची घ्यावीत, पण रंग सोफ्याला शोभेल असा, म्हणजे बिस्किटी, फिका करडा, फार तर शेवाळी. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली घेऊ नयेत. आंबा आंब्याच्या रंगाचा असतो, मिरची मिरचीच्या, आणि फोटोत ते सगळं फार भडक दिसतं. खोक्यावर 'माँटेसरी' लिहिलेलं असलं की डोळे मिटून घ्यावं. रोममधल्या गरीब वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरीबाईंनी सुरू केलेल्या त्या बालगृहाचा तुमच्या हॉलमधल्या शेल्फशी काय संबंध, हे विचारणारं सहसा कुणी भेटत नाही.

भेटलंच, तर ते बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांचं नाव काढेल. ताराबाई १९४५ साली डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या, तिथून पुढे कोसबाडला. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत हे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ओळखलं आणि खडे, बिया, पानं, शंख-शिंपले यांच्यावर बालवाडी चालवून दाखवली. पोरं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. हे सगळं थोर आहे, भाषणात सांगावं. तुम्ही मात्र त्या फंदात पडू नका. खड्यांना परत पाठवायची सोय नसते आणि बियांच्या खोक्यावर वयोगट छापलेला नसतो. शिवाय चिंचोका नाकात जातो. ही भीती खोटी नाही, जातोच. म्हणून मूल चिंचोक्यांशी खेळत असताना कुणीतरी मोठ्या माणसाने हातात काही न घेता शेजारी बसावं लागतं. नेमकं तिथेच तर गाडं अडतं.

स्वयंपाकघराबद्दल मी जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त पालक तिथे घसरतात. पोळ्या करताना मूल पायात घोटाळतं, म्हणून कुणीतरी दयाळूपणे त्याच्या हातावर कणकेचा एक गोळा ठेवतं. मग बघा काय होतं ते. गोळ्याचा आधी साप होतो. सापाला डोळे हवेत म्हणून मोहरीचा डबा उघडावा लागतो. दोन मोहऱ्या लागतात, पन्नास सांडतात. सापाची पोळी होते, पोळीचा डोसा, डोशाची गाडी. दरम्यान गोळा फरशीवरून एक फेरी मारून येतो आणि त्याचा रंग पावसाळ्यातल्या आभाळाचा होतो. पिठी ओट्यावर, पिठी नाकावर, आणि मांजर असेल तर मांजरावर. शेवटी तळहाताएवढी, तिरकी, मध्ये भोक पडलेली एक चीज तव्यावर पडते, आणि ती 'फक्त बाबाने' खायची असा हुकूम निघतो. बाबाला केस दिसतो. बाबा खातो. या सगळ्यात तासभर कसा जातो कळत नाही, आणि त्या तासात मोबाईलचं नाव कुणी काढत नाही, हे मान्य. पण ओटा पुसायचा कुणी?

त्यापेक्षा बाजारात मिळणारी रंगीत माती आणावी. आठ डब्या, आठ रंग. मुलाच्या डोक्यावर उभं राहून 'पिवळ्यात निळा मिसळू नकोस हं' असं दर मिनिटाला म्हणावं. पाचव्या मिनिटाला मूल आपणहून उठतं. डब्यांची झाकणं घट्ट लावून ठेवावीत. माती वर्षभर नवी राहते.

याच न्यायाने मटार सोलायला, लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला किंवा कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावायला मुलाला बसवू नये. तुम्हाला जे काम दहा मिनिटांचं, ते त्याच्याबरोबर पाऊण तासाचं होतं. तीन प्रकारची कडधान्यं एका वाटीत मिसळून ती वेगळी करायला लावणारा संच मात्र विकत मिळतो. तो घ्यावा.

बाहेर पाठवायचं म्हणाल, तर आधी बाहेर कुठे आहे ते शोधावं लागेल. सोसायटीत पार्किंग आहे. पार्किंग सोडून जी जागा उरते तिथे 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' असा बोर्ड आहे. बोर्डाच्या मागे 'चिल्ड्रन्स प्ले एरिया' आहे. त्यात एक घसरगुंडी असून ती दुपारभर तापते. लगोरी खेळायची तर फरश्यांचे तुकडे लागतात, आणि त्याहून अवघड म्हणजे आरडाओरडा लागतो. गेल्या सभेत आवाजाबद्दल ठराव झाला तेव्हा हात वर करणाऱ्यांत तुम्हीही होतात, आठवत असेल.

पूर्वी आळीत, चाळीत, वाड्यात एक फार बेजबाबदार व्यवस्था होती. तिचं नाव लिंबूटिंबू. सहा ते बारा वर्षांची टोळी खेळत असायची आणि तिच्या शेपटीला कुणाची तरी तीन वर्षांची धाकटी बहीण लावून दिलेली असायची. ती पळायची, ओरडायची, तिच्यावर राज्य कधीच यायचं नाही. ती आउट झाली तरी आउट नसायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. ती पडली की गुडघ्यावर फुंकर मारायचं काम आठ वर्षांचा कर्णधार करायचा. दोन तासांनी ती मातीने माखून घरी यायची, जेवायची आणि तोंडातला घास तसाच ठेवून झोपायची. फी नाही, गणवेश नाही, समारोपाला प्रमाणपत्र नाही. अशा गोष्टी टिकत नाहीत, ते बरंच झालं. आता साडेतीन ते साडेचार वयोगटाची वेगळी बॅच असते. त्यात सगळेच लिंबूटिंबू आणि राज्य घ्यायला एक ताई. ताई छान असते, पण आठवड्यातून दोनदाच असते.

दिवाळीतला किल्ला हा असाच एक धोका. विटा आणि दगड रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, वर गेरू, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि मग ती उगवली का हे बघायला सकाळी दात न घासता धावायचं. पायथ्याशी मावळे, मावळ्यांपेक्षा मोठी कोंबडी, आणि तटबंदीबाहेर एक लाल मोटार, कारण ती होती. पोरं दिवसच्या दिवस या चिखलात गुंतून पडतात. यावरचा आधुनिक उपाय सोसायट्यांनी शोधून काढलाय, तो म्हणजे स्पर्धा. बक्षीस ठेवलं की किल्ला आपोआप बाबालोकांच्या हातात जातो. बाबा नकाशा काढतात, थर्माकोल कापतात, बुरुजांचं प्रमाण तपासतात, रात्री दीडपर्यंत जागतात. ज्याच्यासाठी किल्ला, तो कडेला उभा असतो. त्याला सांगितलेलं असतं, 'सांभाळून, हात लावू नकोस.' लाल मोटार अर्थातच नापास होते. तेही जमत नसेल तर तयार किल्ला मिळतो, गवतासकट.

घरात आजी असेल तर अडचण थोडी वेगळी. आजीला गोष्ट येते. तीच ती गोष्ट ती शंभरदा सांगते, आणि एखाद्या दिवशी कोल्ह्याच्या जागी लांडगा आला की पोरगं तिला मधेच थांबवतं, 'आजी, कोल्हा!' यावर आजी म्हणते, 'बरं बाबा, कोल्हा.' गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. पण हल्ली आजीच्या हातातही मोबाईल आहे आणि तो तुम्हीच तिला वाढदिवसाला दिलाय. 'आई, तुम्ही त्याला जरा गोष्ट सांगा ना,' म्हटलं की आई म्हणतात, 'थांब गं, एवढं उकडीच्या मोदकांचं बघून होऊ दे.' पन्नास वर्षं मोदक करणारी बाई मोदकाचा व्हिडिओ का बघते, हे विचारू नये. ती तुम्हाला सहज उलट प्रश्न विचारू शकते.

उरला कंटाळा. 'मला कंटाळा आलाय' हे वाक्य ऐकल्यावर घाबरून जाणं हे आजच्या पालकाचं पहिलं कर्तव्य. कंटाळा वीस सेकंदांपेक्षा जास्त टिकू देऊ नये. टिकला, तर पोर आधी किरकिर करतं, मग पाय भिंतीला लावून फरशीवर आडवं पडतं, मग पंख्याकडे बघतं. आणि मग अचानक उठून खुर्चीवर चादर टाकतं, आत उशी नेतं, बाहेर तुमची चप्पल ठेवतं आणि 'हे दवाखानं आहे, नंबर लावा,' म्हणून सांगतं. चादर धुतलेली असते. तुम्हाला नंबर लावावाच लागतो, आणि डॉक्टर एकेका पेशंटला फार वेळ घेतात.

इतकं सांभाळलंत की स्क्रीन बंद झालाच समजा. अपवाद तेवढे आधीच ठरवून घ्यावेत, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही. सकाळचा नाश्ता, कारण त्याशिवाय तोंड उघडत नाही. दुपारचं जेवण, त्याच कारणासाठी. नखं कापताना. केस कापताना. आईचा ऑफिसचा कॉल. बाबाचा ऑफिसचा कॉल. गाडीत. हॉटेलात ऑर्डर येईपर्यंत, आणि आल्यानंतर. पाहुणे आले की, म्हणजे मोठ्यांना बोलता येतं. पाहुण्यांकडे गेलो की, म्हणजे त्यांच्या घरातल्या वस्तू शाबूत राहतात. आजारी असताना. आजारातून उठल्यावर आठवडाभर. रात्रीचं जेवण. उरलेला सगळा वेळ, म्हणजे साधारण रात्री दहा ते सकाळी सात, मोबाईल मुलाच्या हाती लागू देऊ नये. या बाबतीत कडक राहावं.