दाजींच्या अंगठीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान वाढवल्यावर वाचला. आज सकाळी तुमच्या बिलाची आमच्याकडची प्रत काढली आणि ती समोर ठेवून पुन्हा वाचला. तुमचं म्हणणं असं, की दाजींची आठ ग्रॅमची अंगठी साखरपुड्यात सगळ्यांदेखत पेरावर अडकली, हळदीच्या दिवशी साबण लावून काढावी लागली आणि लग्नानंतर दोन महिन्यांत तिचा गोल आकार गेला, म्हणजे सोन्यात भेसळ आहे. वर माप वाढवायला आलात तेव्हा काउंटरवर पैसे मागितले. यातली भेसळीची गोष्ट खरी नाही. बाकी सगळ्यात चूक आमची आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत तुम्ही आलात ते मला आठवतं. दाजींना आधी कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ताईंनी त्यांच्या बोटाला गुंडाळून गाठ मारलेला पांढरा दोरा तुम्ही कागदाच्या पुडीतून आणला होता. आमच्याकडे हे नेहमीचंच. नवरदेवाची अंगठी सासरकडून, त्यामुळे घेणारे दुकानात आणि बोट दुसऱ्या घरी. पण दोरा ताणला जातो, गाठीत सरकतो, आणि मुख्य म्हणजे तो बोटाच्या बुडाचं माप सांगतो, पेराचं नाही. हाताने काम करणाऱ्या पुरुषाचं पेर बऱ्याचदा बुडापेक्षा जाड असतं. अंगठी पेरावरून थोडा जोर लावून उतरली पाहिजे आणि खाली बसल्यावर गरगर फिरता कामा नये, हे माप दोऱ्यात सापडत नाही. आपल्याकडच्या मापात एका नंबरचा फरक म्हणजे आतल्या घेरात फक्त एक मिलिमीटर. गाठ दोन मिलिमीटर सरकली की दोन नंबर गेले.

त्यात तो दोरा जानेवारीतल्या सकाळी घेतलेला. थंडीत बोट आक्रसतं. आपल्या सोलापूरच्या वैशाखात, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, दिवसभर पाहुण्यांत उभं राहिल्यावर तेच बोट फुगतं. शिवाय रुंद पट्टी बोटाला जास्त आवळते. तीन मिलिमीटरचं वळं ज्या नंबरात आरामात बसतं, त्याच नंबरात सहा मिलिमीटरची अंगठी रुतते, तिला साधारण एक नंबर वाढवून द्यावा लागतो. आमच्या ड्रॉवरमध्ये मापाच्या रिंगांचे दोन जुडगे आहेत, एक अरुंद आणि एक रुंद अंगठ्यांसाठी. तुमच्या दोऱ्यावर विश्वास ठेवण्याऐवजी रुंद जुडगा दोन दिवस तुमच्याकडे द्यायला हवा होता. ताईंनी गप्पांच्या ओघात दाजींच्या बोटात घालून पाहिला असता. गर्दी होती म्हणून आमच्या माणसाने दिला नाही. गर्दी हे कारण होत नाही, आणि दुकान माझं असल्यामुळे ती चूक माझी.

आता अंगठी वाकडी का झाली ते. तिच्या आतल्या बाजूला हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का आहे: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२के९१६ आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक कोरलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय असा दागिना विकता येत नाही. तो नंबर मोबाईलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता कळेल, हॉलमार्क कुठे झाला तेही कळेल. माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघा. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं, उरलेल्या ८४ भागांत तांबं-चांदी. इतकं शुद्ध सोनं मऊच असतं. मिसळ जास्त असती तर अंगठी उलट कडक निघाली असती.

खरं कारण रुंदीत आहे. बजेट आठ ग्रॅमचं, आणि हातात भरीव दिसली पाहिजे, असं तुम्ही म्हणालात. आम्ही त्याच सोन्यात सहा मिलिमीटरची पट्टी काढून दिली. अंगठी वरून भरीव दिसली, पण जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटरच्या आत राहिली. तेच आठ ग्रॅम चार मिलिमीटर रुंदीत घेतले असते तर जाडी दीड मिलिमीटरच्या वर गेली असती आणि ती अशी दबली नसती. दाजी वर्कशॉपमध्ये आहेत हे आम्ही विचारलंच नाही. दिवसभर पाना आणि हँडल आवळणाऱ्या मुठीत बावीस कॅरेटची पातळ पट्टी गोल राहणं अवघड आहे.

अंगठी रोज घालायची असेल तर मी अठरा कॅरेट सांगतो, म्हणजे ७५० चा शिक्का, चार मिलिमीटर, आतून किंचित गोलाई दिलेली, म्हणजे कडा बोटाला लागत नाहीत. घरची वडीलधारी मंडळी म्हणतात, बावीसचंच घ्या, मोडताना भाव येतो. त्यांचं चूक नाही. सणासुदीला घालून डबीत ठेवायची असेल तर बावीसच घ्यावं. तुम्ही शेवटी लिहिलंय की ऑनलाइनची काळी टंगस्टनची परवडली असती. तिच्यावर ओरखडे सहसा पडत नाहीत हे खरं. पण तिचं माप कधीच बदलता येत नाही, पाच वर्षांनी बोट जाड झालं तर ती बाद, आणि मोडीला किंमत येत नाही.

माप वाढवायचे म्हणून घेतलेले पैसे आज परत करतोय. चुकीचं माप आम्ही दिलं, त्याचे पैसे तुमच्याकडून मागायलाच नको होते.

आता पुढचं. दाजींना स्वतः घेऊन या, आणि सकाळी नको, संध्याकाळी सहानंतर या. तोवर दिवसभराच्या कामाने बोट जेवढं व्हायचं तेवढं झालेलं असतं. आपण ती अंगठी मोडून नवी करू. वजन पूर्ण धरीन, घट लावणार नाही, घडणावळ घेणार नाही, नव्या हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा जीएसटीही मीच भरीन. अठरा कॅरेटची चार मिलिमीटरची अंगठी केली तर ती सात ग्रॅमच्या आसपास बसेल आणि तुमचं साधारण दोन ग्रॅम शुद्ध सोनं शिल्लक राहील. त्याचे त्या दिवसाच्या भावाने पैसे घ्या किंवा ताईंसाठी काही करा. बावीसच ठेवायचं ठरलं तरी हरकत नाही, फक्त पट्टी अरुंद आणि जाड करू.

आणि एक विनंती, नवी अंगठी कुठल्याही धातूची असो. दाजींना सांगा, मशीनवर जाताना ती काढून ठेवा. फिरत्या भागात अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. सोनं मऊ आहे म्हणून ते आधी तुटेल, या भरवशावर राहू नये. अंगठी ठेवायला झिपची छोटी पाऊच मी देतो, खिशाला आतून पिनेने लावता येते.

येण्याआधी दुकानाच्या नंबरवर फक्त दिवस कळवा. कारागिराला थांबवून ठेवतो, माप या वेळी मी स्वतः घेईन.

— दुकानमालक