मामा, सुरुंग आपोआप मरत नाहीत

परवा रात्री आईचा फोन आला. "दादाने ग्रुपवर काहीतरी टाकलंय. तुझ्या कामाबद्दलच आहे बहुतेक. खरंय का गं ते?" दादा म्हणजे तिचा भाऊ, माझे मामा. तो मजकूर त्याआधी दोन ग्रुपांवर फिरताना मी पाहिला होता आणि सोडून दिला होता. आईच्या आवाजात शंका ऐकल्यावर मात्र सोडवेना.

मजकुराचा गोषवारा असा: जिनिव्हात एसीत बसणारे 'निःशस्त्रीकरण सल्लागार' मदतीच्या पैशावर जगतात. आताचे भूसुरुंग आपोआप निकामी होतात, म्हणून बंदीची गरजच उरली नाही. सुरुंगबंदीचा करार हा भारताला दुबळं करायचा डाव आहे. आणि युरोपातले देशच त्यातून बाहेर पडताहेत, म्हणजे तो मेला.

मी एका मानवतावादी संस्थेत हेच सल्लागाराचं काम करते. पगारावरून बोल लावलेत त्याचं मला फारसं काही नाही. सुरुंग निकामी होण्याचा मुद्दा मात्र जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच घेते.

काही सुरुंगांत अशी सोय असते, हे खरं. ठरावीक तासांनी किंवा दिवसांनी सुरुंग स्वतःच फुटतो, नाही फुटला तर बॅटरी उतरून निपचित पडतो. निदान तशी अपेक्षा असते. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेने असे सुमारे १ लाख १८ हजार सुरुंग पसरले. सैन्य सांगत होतं की दहा हजारांत एखादाच बिघडतो. त्या हिशेबाने सगळे मिळून बारा उरायला हवे होते. २००२मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हे सगळं तपासलं. सफाईसाठी कुवेतच्या रणभूमीचे सात भाग पाडले होते. त्यातल्या एकाच भागात १,९७७ सुरुंग न फुटता पडलेले सापडल्याची नोंद होती. कुठे बारा आणि कुठे १,९७७! त्या सुरुंगांनी शत्रूची काही हानी केली याचा पुरावाही सैन्याकडे नव्हता, असंही त्याच अहवालात आहे. हा अहवाल कुठल्या शांततावादी संघटनेचा नाही, ज्यांनी सुरुंग टाकले त्यांच्याच सरकारी हिशेबतपासनिसांचा आहे.

आणि निकामी झालेला सुरुंग ओळखायचा कसा? कंबोडियात बत्तंबांग प्रांतात सुरुंग काढणाऱ्या एका बाईचं काम मी सुरक्षित अंतरावरून पाहिलं. एक मीटर रुंदीची पट्टी, दोन्हीकडे लाल खुणांच्या काठ्या. धातुशोधक वाजला. ती गुडघ्यांवर बसली, कात्रीने गवत छाटलं आणि सळई तिरकी धरून बोटबोटभर माती चाचपत राहिली. वीस मिनिटांनी काय निघालं, तर गंजका खिळा. तो डब्यात टाकून तिने पुन्हा यंत्र उचललं. तिथे सुरुंग पेरले गेले तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. यंत्राचा प्रत्येक आवाज तिला जिवंत सुरुंग समजूनच हाताळावा लागतो. 'आपोआप निकामी' हा शब्द तिच्या काहीच उपयोगाचा नाही.

शिवाय जगभर जमिनीत पडून असलेले बहुतेक सुरुंग या सोयीचे नाहीतच. एम-१४ घ्या. आपल्याकडेही त्याच धाटणीचा सुरुंग बनतो. बूट पॉलिशच्या डबीएवढं प्लास्टिकचं खोकं, आत ना बॅटरी ना घड्याळ. दहा-पंधरा किलोचा भार पडला की फुटतो. पाच-सहा वर्षांच्या पोराचं वजन त्याहून जास्त असतं. 'लँडमाइन मॉनिटर' या सुरुंगबळींची नोंद ठेवणाऱ्या वार्षिक अहवालानुसार २०२३मध्ये सुरुंग आणि युद्धातून उरलेल्या स्फोटकांनी जगभरात किमान ५,७५७ माणसं मेली वा जखमी झाली. ज्यांची ओळख नोंदली गेली त्यांत ८४ टक्के सामान्य नागरिक होते. हे वाचूनही कुणी "आता धोका नाही" असं पुढे पाठवत असेल, तर मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आता एसीचं. जिनिव्हातल्या बैठका कंटाळवाण्या असतात, हे मान्य. तिथल्या निःशस्त्रीकरण परिषदेतून १९९६नंतर एकही करार निघालेला नाही, हेही मान्य करावंच लागतं. पण सुरुंगबंदीचा करार त्या परिषदेत झालाच नाही. ती कोंडी ओळखूनच काही देशांनी वेगळी वाट काढली, सप्टेंबर १९९७मध्ये ऑस्लोत मसुदा ठरला आणि डिसेंबरात ओटावात सह्या झाल्या. त्याआधी रेड क्रॉसचे शल्यविशारद वर्षानुवर्षं पाय कापत होते आणि कुणाचा, कुठे, कशाने गेला याच्या नोंदी ठेवत होते. त्या नोंदींतून कायद्याची भाषा काढणं हे सल्लागाराचं काम. माणसाच्या उपस्थितीने, जवळ येण्याने किंवा स्पर्शाने फुटणारा तो सुरुंग, अशी व्याख्या करारात आहे. त्यामुळे कुणी घरी बनवलेला स्फोटकांचा डबा पुरला आणि तो पाय पडून फुटणारा असला, तर तोही बंदीत येतो. करारात आलेल्या देशाने दहा वर्षांत आपली जमीन साफ करायची असते, नाही जमलं तर कारणं देऊन मुदतवाढ मागायची असते. त्या अर्जांतली आकडेवारी तपासण्यात माझे आठवडेच्या आठवडे जातात. मोझांबिकने २०१५मध्ये ज्ञात सुरुंगक्षेत्रं साफ झाल्याचं जाहीर केलं, त्यामागे अशा कागदांचा मोठा वाटा आहे.

भारताला दुबळं करायचा डाव? भारताने या करारावर सहीच केलेली नाही, मग डाव कसला? मात्र सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारा दुसरा एक करार भारताने स्वतःहून स्वीकारलाय आणि त्यात धातुशोधकाला सापडतील असेच सुरुंग वापरायचं बंधन आहे. ते का लागतं, हे मामांना मी सांगायला नको. २००१च्या डिसेंबरात 'ऑपरेशन पराक्रम', म्हणजे पाकिस्तानच्या सीमेवर सैन्य उभं करायची मोहीम, सुरू झाली, पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेवर शेतांमधून सुरुंग पेरले गेले. लढाई झालीच नाही. पण पेरताना आणि काढताना आपलेच जवान गेले, अधू झाले, आणि शेतकऱ्यांना हंगामामागून हंगाम शेतात पाय ठेवता आला नाही. मामा, तुमच्या घरापासून पुण्यातल्या वानवडीचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र किती लांब आहे? १९४४पासून तिथे जवानांना पाय बसवतात.

युरोपचा मुद्दा खरा आहे आणि तो मला बोचतो. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी २०२५मध्ये बाहेर पडायचा निर्णय घेतला. रशियाची भीती खरी आहे, निर्णय माझ्या मते चुकीचा आहे. पण पाच गेले तरी दीडशेहून जास्त देश करारात आहेत आणि सदस्य देशांनी आजवर साठ्यातले साडेपाच कोटी सुरुंग नष्ट केलेत. ते काही पाच देशांच्या पत्रांनी परत येत नाहीत.

पैशाबद्दल एवढंच सांगते, माझा पगार किती ते आईला माहीत आहे.

मामा, हा मजकूर तुम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलात आणि सोसायटीच्या ग्रुपवरही, असं आई म्हणाली. किमान सुरुंग आपोआप निकामी होतात ही ओळ चुकीची आहे, एवढं आजच दोन्हीकडे लिहा. कुवेतचे आकडे वर दिलेत, तेच चिकटवलेत तरी चालेल.